कॉलेजची उचल

भागवत तिडकेला आमच्या कॉलेजनं विकत आणलं, असं कुणी म्हटलं की सोमनाथ सर चिडायचे. "विकत म्हशी आणतात. खेळाडू प्रवेश घेतो," असं त्यांचं म्हणणं. आता सर त्याच्या घरी म्हैस बघायला जावं तसेच गेले होते, आणि निघताना त्यांनी त्याची पोटरी दाबून पाहिली होती, हे खुद्द भागवतनंच मला सांगितलेलं. पण ही गोष्ट सरांच्या तोंडावर काढायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. सर कॉलेजचे खेळाचे शिक्षक, आणि संघात कोण खेळणार, कोण बाटल्या धरणार, हे तेच ठरवायचे. मी बाटल्या धरायचो.

भागवत धारूरच्या पलीकडच्या एका वाडीचा. घाटाच्या कडेला दगडांत बसलेली वाडी. दसरा झाला की तिथं म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरतात, बाकी सगळे ऊस तोडायला. भागवतचं लहानपण असंच अर्धं वाडीच्या शाळेत आणि अर्धं कुठल्या कुठल्या कारखान्याच्या रानात गेलं. त्यामुळे बारावी व्हायला त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त वर्षं लागली. कॉलेजात आला तेव्हा त्याला नीट मिशी होती, आणि पहिल्या दिवशी दोन पोरींनी त्याला शिपाई समजून ऑफिस कुठंय ते विचारलं. त्यानं दाखवलंसुद्धा.

उभा राहिला की तो पोत्यासारखा दिसायचा. आखूड मान, फाकलेली पायाची बोटं, हात कुठं ठेवावेत हे न कळणारा. समोरचे संघ फसायचे ते इथंच. मध्यरेषा ओलांडून चढाईला गेला की त्याचे पाय जमिनीला टेकत होते की नुसते विचारपूस करून उचलले जात होते, ते कळायचं नाही. त्याचं कारण साधं होतं. ऊस भरताना ट्रकला फळी लावतात आणि डोक्यावर मोळी घेऊन त्या हलत्या फळीवरून वर चढावं लागतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून भागवत ते करत होता. जो पाय तिथं घसरला नाही, तो आमच्या मैदानावरच्या पोरांच्या हाताला काय लागणार? त्याचा दम मात्र खालच्या पट्टीतला. 'कबड्डी' म्हणायच्या जागी नुसतं 'बडी बडी' ऐकू यायचं. एकदा पंचांनी हटकलं, तर म्हणाला, "म्हंतोय की साहेब. तुमी जवळ या."

तर सर त्याच्या घरी गेले ती गोष्ट. दसऱ्याच्या तोंडावर, मुकादम लोक फिरतात त्याच दिवसांत गेले. भागवतचे वडील पंडितमामा खाटेवर बसलेले, आई चंद्रभागाबाई चुलीपाशी.

सर म्हणाले, "यंदा पोराला उसावर नेऊ नका. मी नेतो त्याला."

पंडितमामांनी विचारलं, "किती कोयत्याची टोळी हाय तुमची?"

"टोळी नाही हो, संघ आहे. सात जण खेळतात, पाच बाहेर बसतात."

"बाहेर बसणाराला बी उचल मिळती का?"

उचल म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम मजुराच्या हातावर ठेवतो ती रक्कम. ती घेतली की माणूस त्या टोळीला बांधला गेला. आमच्या जिल्ह्यात हा शब्द पोरं 'आई'च्या पाठोपाठ शिकतात. सर मूळचे लातूरकडचे असले तरी त्यांना तो चांगलाच माहीत होता, म्हणूनच ते दचकले.

"उचल नाही मामा, खुराक म्हणा. खेळाडूला खुराक देतो कॉलेज. दूध, अंडी, बदाम. राहणं-जेवण फुकट." असं म्हणून त्यांनी चंद्रभागाबाईंच्या हातात एक पाकीट ठेवलं.

पंडितमामांनी पाकिटाकडे पाहिलं. "हे दूध व्हय?"

"दुधासाठीच."

"मंग पोराच्या आईला कावून देताय? दूध तर पोरगं पिणार."

पंडितमामा समजूतदारपणे हसले. "म्हंजी उचलच की. लाजताय कशाला? किती दिसाचा हंगाम?"

"पदवी मिळेपर्यंत. तीन वर्षं."

"लई लांबडा हंगाम," पंडितमामा म्हणाले आणि पोराकडे वळले. "ऐकलंस? घेतली आपण उचल. आता पट्टा पडस्तोवर दुसऱ्याच्या रानात पाय टाकायचा न्हाई." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. त्यांच्या घराण्यात आजवर उचल घेऊन मधेच पळालेला एकही नव्हता, हे त्यांनी सरांना पुन्हा पुन्हा सांगितलं. सर म्हणाले, मला खात्री आहे.

आम्ही वसतिगृहात ही गोष्ट ऐकली तेव्हापासून सरांचं नाव मुकादम पडलं. म्हणजे पाठीमागं. भागवत मात्र त्यात थट्टा काय आहे ते न कळून म्हणायचा, "मुकादमच हायेत की. चांगला मुकादम हाय. शिव्या देत न्हाई." सरांना आम्हा सगळ्यांना गावाच्या नावानं हाका मारायची सवय. मी 'ए चौसाळा'. भागवतनं तेच उचलून मला 'चौसाळ्या' केलं. मी त्याला शिकवायला जायचो, "खुराक म्हण बे, उचल काय म्हणतोस. लोक हसतेत." तो म्हणायचा, "खुराक बैलाला असतो."

तीन वर्षांत त्यानं कॉलेजला काय दिलं ते मांजरसुंब्याच्या चौकात जाऊन बघा, म्हणजे बोर्ड अजून असेल तर. संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव दादांचा मोठा फोटो, त्याखाली चषक, आणि चषकाच्या कानाशी भागवत, तिकिटाएवढा. विभागात आम्ही आधी पहिल्याच फेरीत हरून ढाब्यावर जेवून घरी यायचो. तो आल्यापासून दोनदा जिंकलो. प्रवेश वाढले. सुंदरराव दादा प्रत्येक भाषणात "आमचा भागवत" म्हणायला लागले. एकदा तर भागवत त्यांच्या शेजारीच उभा होता आणि दादा समोरच्या गर्दीत त्याला शोधत होते.

वर्गात तो गेलाच नाही. हजेरीचं मी बघतो, असं सरांनी सांगितलेलं. दुसऱ्या वर्षी त्याला एकदा हौस आली. राज्यशास्त्राच्या तासाला जाऊन मागच्या बाकावर बसला. प्राध्यापकांनी विचारलं, "आपण कोण?" तो उभा राहून म्हणाला, "मी हितंच असतो सर." तेवढ्यात सोमनाथ सर दारात आले आणि सराव सोडून इथं काय करतोस म्हणून त्याला घेऊन गेले. संघराज्य म्हणजे काय हे त्याला कायमचं अर्धवट राहिलं.

याच काळात शहरातल्या एका मोठ्या कॉलेजचा माणूस त्याला भेटायला आला. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर बसलो, मी सोबत होतो. माणूस कपड्यांनी भारी होता. त्यानं शेवभाजी मागवली, भाकरी मागवली, आणि आमच्या कॉलेजपेक्षा किती जास्त देणार ते सांगितलं. वर मोटरसायकल.

भागवतनं शेवभाजी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाला, "न्हाई जमायचं. उचल घेतलीय."

"अरे मग किती घेतलीस ते सांग. आम्ही फेडून टाकतो."

"तुमी कशी फेडताल? मी घेतलीय. मला खेळून फेडायचीय."

तो माणूस बिल देताना माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच त्याला हे पढवलंय. परत येताना मी भागवतला लई बोललो. "येड्या, मोटरसायकल देत होता."

"तुला चालवता येती का?"

"न्हाई."

"मला बी येत न्हाई. मंग?"

शेवटच्या वर्षी तो विद्यापीठाच्या संघात निवडला गेला. आमच्या कॉलेजातून तिथवर पोहोचलेला पहिलाच. आता हा संघ देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला जाणार होता. तिथं पदक आलं तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ज्या जागा असतात त्यांत त्याचा नंबर लागायची आशा होती. पोलिसात जायचं, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण वसतिगृहाच्या आरशासमोर तो केस अगदी बारीक कापून घेऊन उभा राहायचा, ते कशासाठी हे आम्हाला कळत होतं. आणि हीच एक संधी होती. त्या स्पर्धेला वयाची अट असते. उसाच्या फडातल्या वर्षांनी त्याचं वय आधीच खाल्लं होतं. पुढच्या साली तो बसणार नव्हता.

नेमकं त्याच वर्षी विद्यापीठाला खेळाडूंच्या पैशांची चिंता लागली. कॉलेजं एकमेकांचे खेळाडू पळवतात, पाकिटं फिरतात, असा बोभाटा झाला होता. आमच्या विद्यापीठाच्या नियमात खेळाडू हौशी असावा, खेळण्याचा मोबदला घेणारा नसावा, असं फार पूर्वीपासून लिहिलेलं होतं. ते सगळे पाळतात असं सगळे धरून चालायचे. आता प्रश्न निघाला की खेळाडूंना उघडपणे पैसे द्यावेत का, दिले तर किती, आणि त्यावर लक्ष कुणी ठेवावं. या विषयावर परिसंवाद घ्यायचं ठरलं. सुंदरराव दादांनी हौसेनं तो आमच्याच कॉलेजात मागून घेतला. खुर्च्या लावायला कबड्डीचा संघ होता.

दादा उद्घाटनाला बोलले, "खेळाडू हा विद्यार्थी आहे. मजूर नाही. त्याच्या हातात पैसा आला की खेळ संपला." टाळ्या पडल्या. भागवतनंही वाजवल्या. पुढं एक प्राचार्य म्हणाले की पैसे द्यायला हरकत नाही, पण मर्यादा हवी. नाहीतर ज्यांच्या मागं कारखाना आहे ती कॉलेजं सगळे खेळाडू उचलून नेतील आणि लहान कॉलेजांनी लिंबू-चमच्याच्या शर्यती घ्याव्यात. मग सुनिता मॅडम उठल्या. विद्यापीठात खेळाच्या विषयावर त्यांनी पुष्कळ काम केलेलं. त्या शांतपणे म्हणाल्या की ज्या पोरांच्या गुडघ्यांवर कॉलेजचं नाव उभं राहतं, त्यांना मिळायलाच हवं. पण उघड, लेखी करारानं, दुखापत झाली तर औषधपाण्याची जबाबदारी घेऊन, आणि सगळ्यांना सारखं. दादांचा चेहरा पडला. मुलींच्या संघाची कप्तान तेजश्री मागं उभी होती, तिनं हात वर केला. "मॅडम, आमाला तर खुराक बी न्हाई. केळी देतेत. ती बी जिंकलो तर." सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तेवढं लिहून घेतलं.

भागवत मला म्हणाला, "बाई चांगली हाय. आपल्या बाजूची हाय."

होतीच. ते पुढं आणखी वाईट ठरलं.

परिसंवादानंतर थोड्याच दिवसांत तक्रार गेली. शेवभाजीवाल्या कॉलेजनं केली, की भागवत तिडके हा पैसे घेऊन खेळणारा खेळाडू आहे, त्याला विद्यापीठाच्या संघातून काढा. आपल्याला मिळाला नाही तर कुणालाच मिळू नये, हा हिशोब. चौकशी समिती बसली, त्यात सुनिता मॅडम, आणखी एक जाड चष्म्याचे निवृत्त प्राचार्य. भागवतला बोलावलं. सोबत संघातला एक जण म्हणून मलाही.

सोमनाथ सरांनी आम्हाला मैदानाच्या कडेला बसवलं. त्या दिवशी त्यांचा आवाज मुकादमाचा नव्हता. "भागवत, एकच शब्द लक्षात ठेव. खुराक. पैसे मिळतात का? नाही, खुराक मिळतो. संपलं. ए चौसाळा, याच्याकडं लक्ष ठेव."

एसटीत भागवत खिडकीला डोकं टेकून पुटपुटत होता, "खुराक खुराक खुराक." मी म्हटलं, "दम नको घालवू, मध्यरेषेच्या आत ये." तो हसला. त्याला भीती वाटत नव्हती. आपण काही चोरी केलेली नाही, याची त्याला फार खात्री होती.

खोलीत मोठं टेबल होतं. आम्ही एका बाजूला, ते दोघं समोर. सर बाहेर बाकावर. आधी मला विचारलं. मी गुळगुळीत सांगितलं, कॉलेज खुराक देतं, सगळ्यांना देतं, मलाही मिळतो. तशी मला चारदोन अंडी मिळालेली होती.

मग मॅडम भागवतकडे वळल्या. "तुला कॉलेज पैसे देतं का?"

"न्हाई मॅडम. खुराक मिळतो."

"काय असतं त्यात?"

"दूध. अंडी."

"तक्रारीत बदामसुद्धा लिहिलेत."

"बदाम पैल्या वर्षी होते."

प्राचार्य मोठ्यानं हसले आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "यात काही दम दिसत नाही हो. पोरगा सरळ आहे. जाऊ दे खेळायला." मी खुर्ची मागं सरकवायला हात टेकवलासुद्धा.

तेव्हा मॅडमनी विचारलं, आणि मी शपथेवर सांगतो, कौतुकानंच विचारलं, "भागवत, तुला त्या कॉलेजनं मोटरसायकल देऊ केली होती म्हणे. मोह नाही झाला?"

दिवसभर पोत्यासारखा बसलेला भागवत सरळ झाला. हा प्रश्न त्याच्या घराण्याला विचारला गेला होता.

"मोह कसा व्हईल मॅडम? उचल घेतलती."

मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. द्यायला गेलो, म्हणजे. त्यानं पाय काढून घेतला. आख्ख्या विभागात ज्याचा पाय कुणाला सापडला नाही, तो मला काय सापडणार?

"उचल म्हणजे काय?" प्राचार्यांनी विचारलं.

भागवतनं त्यांना नीट समजावून सांगितलं. इतकं सुंदर त्याला पुन्हा कधी बोलता आलं नाही. हंगामाआधी देतात, ती घेतली की जबान दिली असं धरतात, मग दुसरा कुणी दुप्पट देत असला तरी हलायचं नसतं, हललं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. "आमच्यात कुणी हललेलं न्हाई, साहेब."

मॅडमचं पेन थांबलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "ती उचल तुला कुणी दिली?"

"सरांनी. आमच्या मायच्या हातात." मग त्याला वाटलं, आपण कामचुकार नव्हतो हेही यांना कळायला हवं. "अन् मी एक बी सामना बुडवला न्हाई मॅडम. तापात खेळलो. गुडघा सुजला तरी पट्टी बांधून खेळलो. फुकट न्हाई खाल्लं कुणाचं. कुणाला बी विचारा."

प्राचार्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

बाहेर आलो तर सरांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता बाकावर बसले. "एक शब्द होता रे," एवढंच म्हणाले. भागवत त्यांना सांगत होता, "सर, मी खुराकच म्हन्लो. सारखं खुराकच म्हन्लो. उचल तर त्यांनी इमानदारीचं इचारलं तवा म्हन्लो."

निकाल मॅडमनीच येऊन सांगितला, कॉरिडॉरमध्ये. भागवत संघाबाहेर. नियम आज आहे तो आहे, त्यांच्या हातात काही नाही. "पण भागवत, मी कायम हेच सांगत आलेय की तुम्हाला मोबदला मिळायला हवा. तू जे बोललास त्याच्याइतका चांगला पुरावा माझ्याकडं आजवर नव्हता. मी ते मांडेन. तुझ्यामुळे नियम बदलेल."

भागवतनं विचारलं, "कवा?"

"बहुतेक पुढच्या वर्षी."

"पुढल्या वर्षी माझं वय बसत न्हाई."

मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. तिथं काही नव्हतं. "तुझ्यामागून येणाऱ्यांचं तरी भलं होईल," त्या म्हणाल्या. भागवत म्हणाला, "व्हय." मग वाकून त्यांच्या पाया पडला. का पडला ते विचारू नका. त्याला वाटलं असेल, इथं असंच करतात.

कॉलेजनं हात झटकायला चहा गार व्हायचीही वाट पाहिली नाही. सुंदरराव दादांनी जाहीर केलं की संस्थेनं कधी कुणाला छदामही दिलेला नाही. कुण्या शिक्षकानं दयाबुद्धीनं गरिबाला मदत केली असेल तर ती त्याची खाजगी बाब. सोमनाथ सरांना लेखी समज मिळाली. ते त्यानंतर मैदानावर यायचे, पण शिट्टी गळ्यात नुसती लोंबत असायची. आणि मग असं निघालं की भागवत तिडके खेळाडू नाही म्हटल्यावर त्याच्या हजेरीचं बघायला कुणी नाही. हजेरी नाही म्हणून परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे दादांच्या भाषणात तो मजूर नव्हता, विद्यार्थी होता. आता विद्यार्थीही नव्हता. त्याची वसतिगृहातली खाट नव्या पोराला दिली. हनुमान नाव त्याचं, केजकडचा, चांगला चपळ होता. भागवतनं जाताना त्याला सांगितलं की खाटेची एक फळी मोडकी आहे, त्या अंगाला झोपू नको.

विद्यापीठाचा संघ त्याच्याशिवाय गेला आणि उपांत्य फेरीत थोडक्यात हरला. मी त्याला फोन करून सांगितलं. "कुठं हुकलं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, शेवटची चढाई. तो म्हणाला, "उजवा कोपरा कच्चा असतो त्यांचा," आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यानं फोन उचलणं सोडलं.

मॅडमनी मात्र शब्द पाळला. खेळाडूंना ठरावीक मर्यादेत पैसे देता येतील, ते सरळ बँकेत जातील, त्याला 'क्रीडा पोषण सहाय्य' म्हणायचं, असं पुढच्या वर्षासाठी मंजूर झालं. मुलींचं पुढच्या बैठकीत बघणार आहेत. हनुमानचं खातं उघडलं. सुंदरराव दादांनी त्याचा सत्कार केला आणि ही मागणी आपण सर्वप्रथम केली होती असं सांगितलं.

भागवतचे बूट माझ्याकडे राहिले होते. ते घेऊन मी उन्हाळ्यात त्याच्या वाडीला गेलो. पट्टा पडून ऊसतोडीची माणसं परतली होती. भागवत दारापुढं शेळीसाठी दावं वळत बसलेला. मला पाहून "ये चौसाळ्या" म्हणाला आणि वळतच राहिला. अंगानं उतरला होता. पंडितमामा खाटेवर होते. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, आणि चहा येईपर्यंतही थांबले नाहीत.

"तू शिकलेला हाईस. मला समजंल असं सांग. हा काय बोलत न्हाई. यानं उचल घेतली का?"

"घेतली मामा."

"खेळला का?"

"लई खेळला."

"मधी पळाला का?"

"न्हाई."

"मंग काढला कावून?"

मी म्हटलं, "मामा, उचल घेतली म्हणूनच काढला."

उन्हात डोकं फिरलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उचल घेतली म्हणून कुठं काढतेत व्हय? उचल न्हाई घेतली तर कामाला लावीत न्हाईत."

मी त्यांना हौशी म्हणजे काय ते सांगायला गेलो. हौसेनं खेळायचं असतं मामा, पैसे न घेता. ते म्हणाले, गुडघा फुटस्तोवर? मी म्हटलं, हो. मग मी घाईघाईनं नवा नियम सांगितला, की आता उघड पैसे देतात, बँकेत देतात, आपल्या भागवतमुळेच सुरू झालं ते. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

ते एकेक गोष्ट लावून बघायला लागले. "म्हंजी आता देतेत."

"व्हय."

"त्याच कालेजात."

"व्हय मामा."

"मंग उचलीचा काय दोष न्हाई," पंडितमामा म्हणाले. त्यांना आता उमगलं होतं. कपाळावरच्या आठ्या गेल्या. "ती तर अजून चालूच हाय. दुसरंच काय तरी असणार. यानंच कुठं तरी कसूर केली असंल. त्याबिगर कामाच्या माणसाला कुणी काढत न्हाई. तू दोस्त हाईस, तू सांगणार न्हाईस."

"मामा, आईशप्पथ, यानं काहीच..."

"असू दे." त्यांनी मला हातानं थांबवलं आणि पोराला हाक मारली. "भागवत, कुठं कमी पडलास रे?"

दावं वळणारे हात थांबले. चंद्रभागाबाई चहा घेऊन दारात आलेल्या, त्याही थांबल्या. मी त्याच्याकडे बघत होतो. बोल बे, म्हणत होतो मनातल्या मनात, नियम बोल, शेवभाजी बोल, दादांना शिवी दे, काहीही बोल.

त्यानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. पोरानं काम चुकवलं, हे पंडितमामांना सहन होण्यासारखं होतं, त्यांनी तशी माणसं पाहिली होती. दुसरं जे होतं, की इमान राखलं म्हणूनच काढलं, ते भागवतला त्यांच्यापुढं कुठल्याच शब्दांत मांडता आलं नसतं.

"पडलो असंल, आबा," तो म्हणाला. "ध्यानात न्हाई आता."

पंडितमामांनी मान हलवली. "मुकादमाला सांगतो यंदा तुला बी धराय. पण तिथं असलं चालायचं न्हाई."

"न्हाई," भागवत म्हणाला, आणि चंद्रभागाबाईंच्या हातून कप घेऊन माझ्यासमोर ठेवला.